हाफ डॉलर की निकेल: कुठले रोल फोडावेत?

अमेरिकेत राहून बँकेच्या रोलमधून, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या चवडीतून, जुनी नाणी शोधायची असं एकदा ठरलं, की लगेच प्रश्न येतो, रोल कुठले आणायचे? सेंट, डाइम, क्वार्टर यांचेही चाहते आहेत. पण मला विचारणारे बहुतेक जण शेवटी हाफ डॉलर (पन्नास सेंट) आणि निकेल (पाच सेंटचं नाणं) या दोघांतच अडकलेले असतात. मी दोन्ही केलं आहे आणि दोन्हींत चांदी पाहिली आहे.

नुसत्या चांदीचा हिशेब केला तर हाफ डॉलरचं पारडं उघडच जड. १९६४ चं नाणं ९० टक्के चांदीचं, म्हणजे साडेबारा ग्रॅममध्ये सव्वाअकरा ग्रॅम चांदी. १९६५ ते १९७० ची ४० टक्क्यांची. निकेलमध्ये चांदी सापडते ती फक्त युद्धकाळातल्या नाण्यांत, १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत, तीही ३५ टक्के. एका १९६४ च्या हाफइतकी चांदी जमवायला सहा-सात वॉर निकेल लागतात.

हाफ तपासायलाही सोपे. रोल फोडायचा, वीस नाण्यांची चवड धरायची आणि फक्त कडा बघायच्या. तांब्याची लालसर रेघ दिसली की नेहमीचं क्लॅड, म्हणजे तांब्याच्या गाभ्याचं बिनचांदीचं नाणं. सगळी कड पांढरी दिसली की काळजाचा ठोका चुकतो. ४० टक्क्यांचं नाणं जरा फसवतं, त्याची रेघ फिकट, मळकट असते, म्हणून तेवढं साल बघून घ्यायचं. एक बॉक्स, म्हणजे हजार नाणी, संध्याकाळी जेवणाआधी उरकतो.

मग नडतं कुठे? परत करताना.

पाचशे डॉलरचा बॉक्स अकरा किलोंच्या वर भरतो. तो आणला, तपासला, चार नाणी बाजूला काढली. उरलेली नऊशे शहाण्णव द्यायची कुणाला? ज्या शाखेतून मागवला तिथेच नेऊन टाकणं बरं दिसत नाही. दुसऱ्या बँकेत नेले तर त्यांच्या मोजणीच्या मशीनमध्ये हाफ अडकले, मागे रांग लागली, आणि खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पुन्हा आणू नका. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हाफ दुकानात कुणी देत नाही नि घेत नाही. २००२ ते २०२० या काळात टांकसाळीने ते चलनासाठी काढलेच नाहीत, फक्त संग्राहकांसाठी काढले.

आणि याचाच दुसरा परिणाम माझ्या पाचव्या बॉक्समध्ये हाताला लागला. १९७४ चं नाणं, केनेडीच्या गालावर टोकदार कशाने तरी कोरलेली दोन अक्षरं. ते मी आधी एकदा पाहिलं होतं आणि दोन महिन्यांपूर्वी मीच परत केलं होतं. म्हणजे माझ्या भागात तरी हे बॉक्स आम्हा शोधणाऱ्यांमध्येच फिरत असावेत, एकाने चाळलेलं धान्य दुसऱ्याने चाळावं तसे. तुमच्याकडे कदाचित वेगळं असेल. पण त्या दिवसापासून हाफ मागवायची माझी इच्छा मात्र गेली.

निकेलचं तसं नाही. रोल दोन डॉलरचा, चाळीस नाण्यांचा. मागितला तर कुणी कपाळाला आठी घालत नाही, आणि परत कुठेही चालतो. मेहनत जास्त, हे खरं. कडेवरून काही कळत नाही, प्रत्येक नाणं उलटावं लागतं. वॉर निकेल ओळखायचं ते मागच्या बाजूला माँटिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घराच्या, घुमटावर असलेल्या टांकसाळीच्या मोठ्या अक्षरावरून: पी (फिलाडेल्फिया), डी (डेन्व्हर) किंवा एस (सॅन फ्रान्सिस्को). फिलाडेल्फियाने आपलं पी हे अक्षर नाण्यावर पहिल्यांदा घातलं ते याच मालिकेत. घुमटावर अक्षर नसलेलं १९४२ चं नाणं साधंच समजा. सवय झाली की अक्षराआधी रंगच दिसतो. शेजारच्या नाण्यांपेक्षा काळपट, ओल्या राखेसारखा.

ग्रेडिंगमध्येही, म्हणजे नाण्याची प्रत ठरवण्यात, माझा कल निकेलकडेच आहे. हाफ मोठे आणि जड, पिशवीत एकमेकांवर आपटतात. कोरं नाणंसुद्धा गालावर ओरखडे घेऊनच येतं, आणि एमएस-६२ का ६३ (न वापरलेल्या नाण्यांच्या प्रतीचे आकडे) यावर वाद घालावा असं क्लॅडमध्ये फारसं काही उरत नाही. निकेलमध्ये बघायला माँटिसेलोच्या पायऱ्या आहेत. दिवा बाजूला ठेवा, नाणं कडेने धरा आणि दहापट भिंगाखाली हळूहळू तिरकं करा. पाच किंवा सहा पायऱ्या न तुटता सलग दिसल्या तर ते फुल स्टेप्स. बहुतेक वेळा मधल्या खांबाखाली त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, कारण धातू कठीण आणि छाप तिथेच कच्चा उमटतो. मला रोलमधून असं खरं नाणं आजवर एकदाच मिळालं. ते पीसीजीएसकडे, म्हणजे फी घेऊन नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं नाही, कारण फी नाण्यापेक्षा जड झाली असती. आणि कृपा करून घासूपुसू नका. पुसलेलं नाणं भिंगाखाली लगेच उघडं पडतं.

सालांचाही आनंद इथेच. १९५० डी फक्त २६,३०,०३० निघालं, आणि लोकांनी तेव्हाच रोलच्या रोल दडवून ठेवले. त्यामुळे कोरं विकत मिळतं, पण चलनात झिजलेलं हाताला लागणं ही वेगळीच गोष्ट. मी अजून वाट बघतोय.

तुमच्या ओळखीच्या शाखेत एखाद्याने हाफ आणून टाकले असतील, तर ते जरूर घ्या. असे रोल कुणी चाळलेले नसतात. एरवी पाच निकेल रोल मागा, आणि ग्राहकांनी हाताने गुंडाळून दिलेले आहेत का ते आधी विचारा. मशीनच्या रोलपेक्षा मला त्यांतच जास्त मिळालं आहे. गेल्या महिन्यात अशाच एका चुरगळलेल्या कागदातून बफेलो निकेल, म्हणजे बायसनचं चित्र असलेलं जुनं निकेल निघालं, साल पार झिजून गेलेलं, बायसनचं शिंग मात्र बोटाला अजून लागत होतं.