आजीची सिंधी आणि वर्गातली सिंधी

फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी कुटुंबांची नवी पिढी हिंदी, मराठी आणि इंग्रजीत वाढत असताना, 1967 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली आपली भाषा मुलांना घरातून द्यावी की वर्गातून, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो.

घराचे सामर्थ्य मी शेजारच्या स्वयंपाकघरात पाहिले. कोकी लाटता लाटता आजी चार वर्षांच्या नातीशी सिंधीत बोलत होत्या. सिंधीत 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे. पहिल्यातला 'ॿ' हवा किंचित आत ओढून उच्चारावा लागतो. नातीला तो सहज जमला, मला दहा प्रयत्नांनंतरही नाही. मात्र तिच्या मोठ्या भावाला सगळे समजत असूनही तो उत्तर हिंदीतच देतो, कारण आईवडील आपसांत हिंदी बोलतात. घरातली भाषा तुटते ती नेमकी इथे.

वर्गात लिपी मिळते. अरबी वळणाची 52 अक्षरे किंवा देवनागरी शिकल्याशिवाय सिंधीतले सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांचे काव्य मुळातून वाचता येणार नाही, आणि ते आजी शिकवतीलच असे नाही. पण आठवड्यातल्या एका तासाने बोलण्याची सवय लागत नाही.

न्यूझीलंडमध्ये 1982 पासून तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातले आजीआजोबाच बालवाडीत मुलांशी माओरीत बोलू लागले, तिथे घर आणि वर्ग एकत्र आले. तशी सोय नसेल, तर माझा कौल आधी घरालाच आहे. लिपी आठव्या वर्षीही शिकता येते.