मराठी विश्वकोश: एका नोंदीसाठी उघडला आणि संध्याकाळ गेली

मी हौसेने मधमाश्यांच्या सहा पेट्या ठेवते. परवा 'मधमाशी' ही नोंद पाहायला वाचनालयात विश्वकोशाचा जाडजूड खंड काढला. राणी, नर, कामकरी असं सगळं सविस्तर, तेही स्वच्छ मराठीत. पान उलटलं तर पुढे 'मधुमेह'. आईला तो आहे, म्हणून तीही नोंद उभ्यानेच वाचून काढली!

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं हे काम. पहिला खंड 1976चा, त्यामुळे लोकसंख्येचे वगैरे आकडे जुने धरूनच वाचा. पण वनस्पतिशास्त्रापासून स्थापत्यापर्यंत इतके विषय एका ठिकाणी मराठीत मला तरी दुसरीकडे सापडलेले नाहीत. संकेतस्थळावर सगळं फुकट आहे. मुलांना आजच दाखवा.