मिरजेचा तानपुरा : किराण्याच्या सुरासाठी केलेली एक खरेदी

पुण्यात गाणे शिकणाऱ्या घरांमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरील अ‍ॅप आता इतके रुळले आहे की, लाकडी तानपुरा विकत घेणे ही निव्वळ हौस समजली जाते. मिरज बनावटीचा चार तारांचा मर्दानी (पुरुषी आवाजाच्या पट्टीचा, मोठा) तानपुरा घेतल्यानंतर आणि रोजच्या रियाजात वापरल्यानंतर माझे मत याच्या उलट झाले आहे. विशेषतः किराणा या ख्यालगायकीच्या घराण्याची तालीम घेणाऱ्याने तरी हा खर्च टाळू नये.

या आग्रहाचे कारण या घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीत आहे. उत्तरेतील कैराना येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या या गायकाने आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रात घालवला, १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुढे मिरजेला घर केले. ते बीन (रुद्रवीणा) वाजवीत, वाद्यदुरुस्ती जाणत, आणि क्लेमंट्स व देवल या अभ्यासकांच्या श्रुतिसंशोधनात, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांच्या अभ्यासात, त्यांच्या गळ्याची आणि कानाची मोठी मदत झाली होती. त्यांच्या उत्तरायुष्यातील तबकड्यांच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते, तरी तेवढ्यात षड्ज (सा) किंवा गांधार (ग) ज्या निवांतपणे लागतो, तो ऐकल्यावर या गायकीत तानपुरा साथीपुरता नसून तिचा पायाच आहे हे कळते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि खाँसाहेबांचीच अपत्ये असलेले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे यांच्यामार्फत हा सूर पुण्यात स्थिरावला. झिंझोटी रागातील खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला आणि पुढे भीमसेन जोशी म्हणून याच शहराचा झाला, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको.

आता प्रत्यक्ष वाद्याविषयी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, दांडी आणि तबली (भोपळ्यावरचे झाकण) तुणीच्या लाकडाची, नक्षी बेताची. दुकानात झगमगीत नक्षीचे तानपुरेही होते, पण नक्षीने नाद वाढत नाही, तेव्हा ते पैसे वाचवावेत. मी वाद्य निवडले ते केवळ खर्जाच्या (सर्वांत खालच्या षड्जाच्या) तारेवर : ती एकटी छेडल्यावर काही क्षणांत वरचा गांधार आपोआप ऐकू यावा, आणि तो शेवटपर्यंत टिकावा. हा स्वयंभू गांधार ज्या वाद्यात अस्पष्ट आहे, त्यात दुसरे कितीही गुण असले तरी ते घेऊ नये. अ‍ॅपमधला तानपुरा स्वरात चोख असतो, यात शंका नाही; पण दर आवर्तनाला तो तसाच वाजतो, आणि गायकाला आपला आवाज त्या नादात मिसळून पाहण्यासाठी जो किंचित हलता, श्वास घेतल्यासारखा गुंजारव लागतो, तो तिथे मिळत नाही.

मात्र वाद्य घरी आले म्हणजे काम संपले, असे नाही. विक्रेत्याने लावून दिलेली जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या घासणीतून येणारा गुंजारव, फार खुली होती. आवाज मोठा, पण पत्र्यासारखा चरचरीत. शेवटी पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडून घोडी पुन्हा घासून घेतली. त्यांनी घोडीचा उतार तारेगणिक तपासला, तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत नाद गोल केला, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःच्या पट्टीत (गळ्याला सोयीच्या उंचीवर) षड्ज लावायला सांगितला. गाणाऱ्याचा गळा ऐकल्याशिवाय जवारी न काढणारा कारागीर मिळणे, हे मला वाद्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

उणिवाही आहेत. पुण्याच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि उन्हाळ्यात सैल होऊन घसरतात. त्यांना खडू लावत राहावे लागते. लहान सदनिकेत मर्दानी तानपुरा ठेवायला जागा लागते, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून घरातल्या लहान मुलांवर नजर ठेवावी लागते ती वेगळीच. सोबत मिळालेली कापडी खोळ प्रवासाला निरुपयोगी आहे. कठीण पेटी स्वतंत्रपणे घ्यावी लागली.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे मिरजेच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या वाद्यांना काही आळा बसेल, अशी आशा आहे. तरीही शक्य असल्यास पुण्यातल्या दुकानाऐवजी थेट मिरजेला जाऊन, शिकलगार या वाद्य बनवणाऱ्या कुटुंबांच्या पिढीजात कारखान्यांत बसून वाद्य निवडावे. खाँसाहेबांची कबर ज्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, तोही त्याच गावात. जाताना आपली पट्टी पक्की ठरवून जावे आणि शक्य तर गुरुजींना सोबत न्यावे, कारण पहिल्याच वाद्यावर भाळून नवशिक्याचा कान फसतो.