झुओ की गोंगयांग: 'चुनच्यू' कोणत्या टीकेसोबत वाचावं?

'चुनच्यू' नुसतं हातात घेतलंत तर दहा मिनिटांत बाजूला ठेवाल. प्राचीन चीनमधल्या लू नावाच्या छोट्या राज्याची इ.स.पू. 722 ते 481 या काळातली ही नोंदवही. अमका वारला, तमक्यावर स्वारी झाली, ग्रहण लागलं, संपलं. पण परंपरेनुसार या नोंदी खुद्द कन्फ्यूशियसने तासल्या, म्हणून शब्दाशब्दात न्यायनिवाडा दडलेला. तो उकलायला टीका, म्हणजे भाष्य, हवीच. मुख्य टीका तीन. त्यातली गुलियांग बरीचशी गोंगयांगच्याच वळणाची, पहिल्या खेपेला सोडली तरी चालेल. खरी निवड उरलेल्या दोघींत, झुओ आणि गोंगयांग.

पहिल्याच वर्षीची एक नोंद घ्या: झेंग राज्याच्या अधिपतीने यान इथे धाकट्या भावाला, दुआनला नमवलं. एवढंच. झुओ टीका यावर अख्खी घरची भानगड मांडते. थोरला पायाळू जन्मला म्हणून आईच्या मनातून उतरलेला, धाकटा दुआन लाडका. आई धाकट्यासाठी शहर मागते, तो बंड करतो, हरतो, पळून जातो. थोरला आईला हद्दपार करतो आणि शपथ घेतो की आता भेट पाताळातच. पुढे पस्तावतो, तेव्हा जमिनीखाली पाणी लागेपर्यंत भुयार खणून मायलेकरांची भेट घडवली जाते, शपथही मोडत नाही!

गोंगयांगमध्ये यातलं काही नाही. तिथे फक्त सवालजवाब. नमवलं म्हणजे काय? ठार मारलं. मग तसं सरळ का नाही लिहिलं? झेंगच्या अधिपतीचं पाप ठसठशीत दिसावं म्हणून. झुओतला दुआन जिवंत निसटतो, इथला मरतो.

गोष्टीसाठी वाचणार असाल तर झुओ घ्या, प्रश्नच नाही. पण पंडितांच्या हाती सत्ता कशी आली हे समजून घ्यायचं असेल तर मी आधी गोंगयांगच सुचवेन. कोरडी आहे, पण हान घराण्याच्या दरबारात तीच चालायची.

इ.स.पू. 82 मध्ये हानांच्या राजधानीत, चांगआनमध्ये, राजवाड्याच्या दारी पिवळ्या बैलगाडीतून एक माणूस आला आणि म्हणाला, मी युवराज. सम्राट वूचा हा मुलगा फसलेल्या उठावानंतर नऊ वर्षांपूर्वी मेला होता. गादीवर त्याचा धाकटा भाऊ, अजून पोरच. हजारोंची गर्दी जमली, मंत्री आले, पण तोंड कुणी उघडेना. मग राजधानीचा कारभारी ज्युन बूयी आला आणि त्याने सरळ मुसक्या बांधायला लावल्या. खरा निघाला तर? त्याचं उत्तर चुनच्यूतलं होतं: वेई राज्याचा युवराज बापाची आज्ञा मोडून पळाला, परत आला तेव्हा त्याच्या मुलाने त्याला आत घेतलं नाही, आणि ग्रंथाने ते योग्यच ठरवलं. हा अर्थ गोंगयांगचा. कारभार पाहणारा हुओ ग्वांग खूश झाला. मंत्री असावेत तर असे ग्रंथ जाणणारे, असं म्हणाला. तो माणूस शेवटी एक तोतया ज्योतिषी निघाला.

ही विद्या अंगाशीही यायची. गोंगयांगचा सर्वांत मोठा पंडित डोंग झोंगशू याने आगीच्या दुर्घटनांचा ग्रंथाधारे अर्थ लावला. लिखाण दरबारात गेलं, तिथे त्याच्याच शिष्याने, लेखक कोण हे न कळून, ते महामूर्खपणाचं ठरवलं. डोंगला मृत्युदंड झाला, सम्राटाने माफी दिली. त्यानंतर अपशकुनांवर बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

झुओला दरबारी मान मिळवून द्यायला पंडित लिऊ शिन झटला. आधी पंडितांनी दाद दिली नाही. मग दरबारातल्या वांग मांगचा जोर वाढला तसा झुओला मान मिळाला. पण वांग मांगने गादी बळकावली, आणि तो डाग झुओला चिकटला. 1891 मध्ये सुधारणावादी विचारवंत कांग यूवेईने तर लिऊ शिनवर थेट बनावटगिरीचा आरोप केला, गोंगयांगमधून सुधारक कन्फ्यूशियस उभा केला आणि 1898 मध्ये सम्राटाला हाताशी धरून सुधारणा रेटल्या. शंभरेक दिवसांत सगळं उधळलं गेलं. बनावटगिरीचा आरोप आज अभ्यासक सहसा मानत नाहीत, तेव्हा त्या कारणाने झुओ टाळू नका.

इंग्रजीत गोंगयांगचा हॅरी मिलर यांचा 2015 चा अनुवाद एका खंडात आहे. झुओचा 2016 चा अनुवाद तीन जाडजूड खंडांचा, मूळ चिनी मजकुरासह. तो आधी ग्रंथालयात शोधा. जेम्स लेग यांचा 1872 चा अनुवाद फुकट मिळतो, भाषा मात्र जुनाट. झुओ आणि गोंगयांग दोन्हींतलं पहिलं वर्ष शेजारी ठेवून वाचा, मग गोंगयांग सलग. झुओ मात्र सलग नको. चंगपूच्या लढाईपासून, म्हणजे इ.स.पू. 632 पासून, उघडलात तर हातातून सुटणार नाही.