स्विफ्टमधले एअर इंडक्शन किट : साखळी-पणजी रस्त्यावरचे नऊ महिने

गाडी २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट, १,१९७ सीसी, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच. गेल्या दसऱ्याला तिला एअर इंडक्शन किट, म्हणजे इंजिनाला जास्त मोकळी हवा मिळावी म्हणून मूळ फिल्टरच्या जागी लावायचा उघडा फिल्टर आणि पाइप, बसवले आणि यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते काढून मूळ एअर फिल्टरचा डबा परत लावला. मधल्या काळात अकरा हजार किलोमीटर झाले. फरक पडतो का, असे आमच्याकडची बरीच मुले विचारतात. माझ्या गाडीपुरते उत्तर असे : आवाजात पडतो, ओढीत पडत नाही, आणि गोव्याच्या उन्हात, धुळीत, पावसात नुकसानच जास्त होते. पण एवढ्यावर कोणाचे समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. माझेही झाले नसते. म्हणून जे जे मोजले, जे पाहिले ते सगळे लिहितो.

आधी किट का घेतले ते. रोजची माझी वाट साखळी, आमोणा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे आणि पणजी. त्या वाटेवर गाडीबद्दल तक्रार नव्हती. पण सासुरवाडी बेळगावला. चार माणसे, सामान, एसी चालू, अशी गाडी केरीहून चोर्ला घाट चढायला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये दम लागतो, वळणावर दुसरा टाकावाच लागतो. पुढे ट्रक असला तर ओव्हरटेक करताना बायको दाराची मूठ घट्ट धरते. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला तर ही ओढ वाढेल, असे म्हापशातल्या एका ॲक्सेसरीवाल्याने सांगितले आणि ते मला पटले. किट ७,४०० रुपये, बसवणावळ ८०० रुपये. त्यात शंकूच्या आकाराचा कापडी फिल्टर, तेलाची बाटली, अॅल्युमिनियमचा पाइप, रबरी जोड आणि क्लॅम्प. मूळ प्लॅस्टिकचा डबा काढायचा, पाइप थ्रॉटल बॉडीला, म्हणजे हवा इंजिनात सोडणाऱ्या झडपेच्या भागाला, जोडायचा, टोकाला शंकू. तासाभराचे काम.

पहिला महिना मी खरोखर खूश होतो. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटमधून एक खोल, घुमणारा आवाज येतो. मूळ डब्याला कंपनीने एक रेझोनेटर दिलेला असतो, म्हणजे हवेचा आवाज गिळणारी पोकळी. तो डबा गेला की इंजिन हवा ओढताना जो आवाज करते तो थेट कानावर येतो. बाणस्तारीचा पूल ओलांडून गाडी मोकळी सुटली की तो आवाज ऐकण्यासाठी मी मुद्दाम काच खाली करायचो. आवाज वाढला की गाडी पळते आहे असे वाटतेच. मी महिनाभर ज्याला त्याला सांगत होतो की गाडी हलकी झाली.

मग मोजायचे ठरवले. किट बसवण्याआधी जुने गोवे बायपासवर रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० किलोमीटर वेगाला जायला किती वेळ लागतो ते मोबाइलने स्पीडोमीटरचा व्हिडिओ घेऊन पाहिले होते. एकटा मी, एसी बंद, टाकी अर्धी. चार वेळा केले, वेळ आली ७.९ ते ८.२ सेकंद. किट बसवल्यावर त्याच ठिकाणी, तशाच पहाटे पुन्हा चार वेळा केले : ७.९, ८.०, ८.१, ८.१. मी दुसऱ्या रविवारी परत गेलो. आकडे तेच. मायलेज टाकी भरून टाकी रिकामी होईपर्यंत मोजतो, वहीत लिहून ठेवतो. आधीच्या सहा टाक्यांची सरासरी लिटरमागे १६.८ किलोमीटर, किटसह पहिल्या सहा टाक्यांची १६.१. हे सातशे मीटर किटने खाल्ले असे मी म्हणणार नाही, ते माझ्या पायाने खाल्ले. आवाज ऐकायचा म्हणून जास्त दाबत होतो.

असे का होते हे समजायला मला थोडे वाचावे लागले. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर म्हणजे मुळात हवेचा नळ. पाय थोडा दाबला की थ्रॉटलची झडप थोडी उघडते, तेवढीच हवा आत जाते, आणि गाडीचा संगणक त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडतो, साधारण एक ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा. रोजच्या चालवण्यात हा नळ निम्म्याहून जास्त बंदच असतो. नळ बंद असताना टाकीला जाड पाइप लावला म्हणून बादली लवकर भरत नाही. पूर्ण दाबून मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर नेले तर हे इंजिन मिनिटाला ३,६०० लिटरच्या आसपास हवा मागते. फिल्टरची अडचण झालीच तर तिथे होईल. आणि कंपनीने मूळ कागदी फिल्टर तेवढी हवा देण्यासाठीच मोठा, घड्या घालून बनवलेला असतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याहून पुढची चाचणी केली होती. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेला फिल्टर घातला, तरी मायलेज बदलले नाही, फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर वेग पकडणे मंदावले. तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडत नसेल तर चांगल्या फिल्टरच्या जागी मोकळा फिल्टर घालून ते वाढणार कुठून?

खरी अडचण मार्चमध्ये कळली. पणजीहून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालो होतो. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ब्लूटूथवर चालणारे ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे, यंत्र मी लावून ठेवलेले असते, मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचे तापमान दिसते. बाहेर ३३ अंश होते. पडद्यावर ५२, मग ५७, मग ६१. मूळ डब्याचा तोंडपाइप पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतो, त्यामुळे अशा कोंडीतही तो आकडा ४६ च्या वर मी पाहिला नव्हता. इथे शंकू बॉनेटच्या आत उघडा. रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली गरम हवा इंजिन स्वतःच ओढत होते. हवा दर तीन अंशांना जवळजवळ एक टक्का विरळ होते. पंधरा अंशांचा फरक म्हणजे चार-पाच टक्के हवा कमी, आणि हवा कमी तर ताकद कमी. म्हापशाला पोचेपर्यंत पहिल्या गिअरमधून उचलताना गाडी जड लागत होती, एसी बंद करावा लागला.

साखळीतल्या माझ्या नेहमीच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, बॉनेट उघडून पाइपवर बोट ठेवले आणि लगेच काढले. "बाब, हांगा हात लावून पळय," म्हणाला. हात ठेववत नव्हता. अॅल्युमिनियम दिसायला छान, पण इंजिनाची उष्णता पटकन घेते. कंपनी काळे प्लॅस्टिक वापरते त्यामागे स्वस्ताई असेल, पण हेही आहे.

त्याच्याकडून एप्रिलच्या सुरुवातीला पाइप लांबवून घेतला आणि शंकू खाली, बंपरच्या मागे नेला. आणखी १,९०० रुपये. तापमान चांगलेच उतरले, चालत्या गाडीत ३८-३९, म्हणजे मूळ डब्याइतके. ४० ते ८० ची वेळही पुन्हा आठ सेकंद. एकंदर दहा हजार रुपये खर्चून गाडी कंपनीने दिली होती तशीच पळायला लागली. पण शंकू आता रस्त्यापासून गुडघ्याच्याही खाली होता, आणि आमच्या रस्त्यांवर त्या उंचीवर काय उडते ते डिचोली-साखळीकडे राहणाऱ्याला सांगायला नको. खनिजाचा एक ट्रक पुढे असला तरी काचेवर लाल थर बसतो.

मे महिन्यात गाडी उभी असताना आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ फिरणे, डगमगायला लागले. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर सुई थांबेना, सिग्नलला गाडी थरथरायची. मेस्ताने पाइप सोडवला. मी घरातला जुना पांढरा पंचा घेऊन गेलो होतो, त्याचे एक टोक बोटाला गुंडाळून पाइपच्या आतून फिरवले. फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची बाजू, जी स्वच्छच असायला हवी. पंचा बाहेर आला तो गेरू लावल्यासारखा. बोटांत चोळून पाहिले तर तेलकट, आणि तेलात बारीक कचकच. थ्रॉटलच्या झडपेच्या कडेने तोच लाल-काळा लगदा साचला होता. हा कापडी फिल्टर त्याला लावलेल्या तेलात धूळ पकडतो. मी तो फेब्रुवारीत धुतला होता, दिवसभर सावलीत वाळवला होता, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे तेल लावले होते. तेल कमी पडले तर धूळ आरपार जाते, जास्त झाले तर तेल पुढे ओढले जाते. माझ्याकडे दोन्ही झाले असणार. तो कचकच करणारा लगदा पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये जातो या विचाराने मला त्या रात्री खरोखर वाईट वाटले. दहा वर्षे ज्या इंजिनाचे ऑइल मी एकदाही उशिरा बदलले नाही, त्यात मी स्वतःच्या हाताने माती घातली होती.

तरीही किट लगेच काढले नाही, थ्रॉटल साफ करून घेतला आणि चालवत राहिलो. शेवटचा निर्णय पावसाने केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिवसभर कोसळत होता. संध्याकाळी पणजीहून आलो तर वाळवंटी नदी फुगलेली, बाजाराकडच्या रस्त्यावर पाणी. पुढची एक गाडी अर्धे चाक बुडवून हळूहळू निघून गेली. एरवी मीही गेलो असतो, तेवढ्या पाण्यातून ही गाडी पूर्वी काढली आहे, कारण मूळ डब्याचे तोंड वर, बॉनेटच्या पातळीला असते. आता तोंड चाकाच्या मधोमध होते. इंजिनाने पाणी ओढले तर पिस्टनला ते हवेसारखे दाबता येत नाही, पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. गाडी चढावर लावली, छत्री काढली आणि चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्ताकडे जाऊन मूळ डबा बसवून घेतला. तो डबा मी माळ्यावर जपून ठेवला होता, हे बरे केले. कोणी किट घेणारच असेल तर जुना डबा भंगारात देऊ नका.

कागदपत्रांचेही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीलाही बसवण्याआधी लेखी कळवावे. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावूच नये.

माझ्या मेहुण्याची टर्बो पेट्रोल गाडी आहे, तिचे गणित वेगळे. टर्बो हवा दाबून भरतो, त्याला लागणारी हवा खूप जास्त, आणि संगणकाचे ट्युनिंग बदलून बूस्ट, म्हणजे हा हवेचा दाब, वाढवला असेल तर मोठ्या फिल्टरचा उपयोग होतो. तिथेही चारी बाजूंनी बंद असलेला, बाहेरून थंड हवा घेणारा डबाच हवा, उघडा शंकू नको. माझ्यासारख्या साध्या, ट्युनिंग न केलेल्या बाराशे सीसीला त्यातले काही लागू नाही.

डबा परत बसवताना नवा कागदी फिल्टर घातला, तीनशे-साडेतीनशेचा. चारही स्पार्क प्लग बदलले, टायरची हवा महिन्यातून दोनदा पाहायला लागलो. गणेश चवथीनंतर बेळगावला गेलो तेव्हा चोर्ल्याच्या चढावर ट्रक दिसला की आधीच दुसरा गिअर टाकून फेरे चार हजारांवर ठेवले, कारण या इंजिनाची खरी ओढ तिथे आहे, आणि वळण उघडल्यावर एका दमात पुढे निघालो. मायलेज आता १६.७. आवाजाची मात्र आठवण येते, बाणस्तारीच्या पुलावर अजून काच खाली करावीशी वाटते.

परवा रविवारी फिल्टर काढून पाहिला. बाहेरची बाजू विटेसारखी लाल झाली होती. उलटा करून उजेडात धरला, इंजिनाकडची बाजू अजून पांढरी होती.