गोदी बघायला गेलो आन् भरती बघून आलो

कोल्हापुरातनं एका दिवसाची विजयदुर्ग टूर केली, माणशी १८०० रुपये. टूरवाल्याचं नाव लिहीत नाय, माणसं चांगली हायत, पण चुकलं ते चुकलंच. पहाटे ५ ला रंकाळ्यावरनं गाडी सुटली, गगनबावड्याला चहा, मग घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्ग. गाडी टकाटक, ड्रायव्हर शांत.

किल्ला लई भारी. शिलाहारांच्या दुसऱ्या भोजानं बांधला म्हणजे आपल्या पन्हाळ्याचाच मालक की, हे ऐकल्यावर गाडीत पेंगणारी सगळी मंडळी जागी झाली.

पण मी गेलतो गोदीसाठी, म्हणजे जहाजं बांधायच्या-दुरुस्त करायच्या जागेसाठी. वाघोटण खाडीच्या काठाला गिर्ये गावाकडं खडक फोडून केलेली आरमाराची गोदी, साधारण ३५५ फूट बाय २२७ फूट, आता बरीचशी गाळानं भरलीय. बरोबरचा गाईड पोरगा मात्र तयारीचा. काठीनं चिखलात चित्र काढून सांगितलं त्यानं, भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की ते कोरडं पडतं, मग बूड खरवडा, कुजक्या फळ्या बदला, फटी बुजवा आणि परत भरती आली की बाहेर. पंप नाय, क्रेन नाय, सगळी कामं समुद्राकडनंच करून घ्यायची! ४००-५०० टनांची जहाजं व्हायची म्हणे इथं. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं तोफांचं जहाज, गलबत लहान, वल्ह्यांचं, आणि वारा पडला की गलबतंच गुराबाला ओढून न्यायची.

१७५६ चं सांगताना पोरगा जरा गप्पच झाला. तवा विजयदुर्ग आणि इथलं आरमार ज्याच्या हातात होतं त्या तुळाजी आंग्रेचं आणि पेशव्यांचं बिनसलेलं, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि आंग्र्यांचं आख्खं आरमार इथं जळालं. नंतर धुळप घराण्यानं पेशव्यांचं आरमार सांभाळलं ते इथनंच. मालवणच्या बाजूला तर कोल्हापूरच्या गादीचंच आरमार होतं, १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना द्यावं लागलं. शाळेत असलं काय सांगितलं नाय राव कुणी.

आता तक्रार. सकाळी ११ ला आम्ही बुरुजावर होतो तवा खाली खाडी चांगली उतरलेली दिसत होती, तवाच गोदीवर न्यायचं की! पण ठरल्याप्रमाणं आधी किल्ला, मग सुरमई थाळी (थाळीला नावं ठेवणार नाय, फक्त आमच्यातले एक काका सोलकढीला पांढरा रस्सा म्हणत होते), आणि साडेतीनला गोदी. तोवर पाणी चढायला लागलेलं, पोरग्यानं काढलेलं चित्र पण आमच्या डोळ्यादेखत पुसलं, आणि वीस मिनिटांत "चला चला, घाटात अंधार हुईल".

५ पैकी ३ स्टार, त्यातले दोन त्या पोरग्याचे. जाणार असाल तर बुकिंगच्या आधी ओहोटी कितीला हाय ते विचारा, जेवण मागं-पुढं झालं तर चालतंय.