एल्कचे मांस आणि शिंगे घरी पाठवताना झालेली फसवणूक

विमानाने जाऊन शिकार करणाऱ्याला सर्वांत मोठी अडचण येते ती परतताना. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतले मोठ्या जातीचे हरीण. पूर्ण वाढ झालेल्या नर एल्कचे मांस हाडे काढल्यानंतरही दोनशे पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे नव्वद किलो भरते. विमान कंपन्या साधारणपणे पन्नास पौंडांच्या वर एका नगाला जादा आकार लावतात, आणि ड्राय आइस (माल थंड ठेवणारा घनरूप कार्बन डायऑक्साइड) तर प्रत्येक प्रवाशाला अडीच किलोच नेता येतो. त्यामुळे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत रायफल हंगाम सुरू झाला की मांस कापून, गोठवून, खोक्यांत भरून घरपोच पाठवून देणाऱ्या दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. यांतली बरीच दुकाने पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय सचोटीने करीत आली आहेत. मला फसवणाऱ्या दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. पण फसवणुकीची रीत मात्र तपशिलाने सांगतो.

मी न्यू जर्सीत राहतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आपल्या घरांतून जवळपास नाहीसा झाला, त्यामुळे येथे परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला सगळे नियम नव्याने शिकावे लागतात. दुकानदाराने माझे आडनाव आणि न्यू जर्सीचा पत्ता वाचला, पहिल्यांदाच एल्क मारला का असे आपुलकीने विचारले, आणि पुढची सारी बोलणी त्या उत्तराच्या आधाराने केली, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

एल्क डोंगरावर पडल्यावर आम्ही त्याचे पोट न फाडता चारही पाय सोडवले, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब, मऊ मांसाचे पट्टे सोलून काढले, मानेचे मांस घेतले, आणि कणा व बरगड्या तिथेच ठेवून कापडी पिशव्यांतून सगळे खाली आणले. शिंगे कवटीसह आणली. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दुकानात मांस तोलले गेले नाही. पावतीवर ‘एल्क, एक’ एवढेच लिहिले होते. त्याखाली परवान्याचा क्रमांक, कापणीचे दर आणि ‘शिंगे साफ करून पाठवणे’ अशी नोंद. तळावर आम्ही काट्याला अडकवून पिशव्यांची वजने घेतली होती आणि प्रत्येक वजनाच्या वेळी काट्याचा फोटो काढला होता, ही गोष्ट त्या दुकानदाराला ठाऊक नव्हती. निम्मे पैसे क्रेडिट कार्डाने दिले. उरलेले, यंत्र बंद पडल्याचे सांगून, त्याने फोनवरून थेट बँक खात्यात घेतले.

घरी परतल्यावर पहिला फोन आला तो सरकारी शुल्काचा. दुसऱ्या राज्यात शिंगे पाठवायची तर सायटीसचा दाखला लागतो, तो चारशे डॉलरांना मिळतो आणि मी शुल्क भरल्याशिवाय खोका हलणार नाही, असे त्याने अत्यंत सहज सुरात सांगितले. सायटीस हा धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार आहे. काश्मीरचा हंगुल त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, अमेरिकेतला एल्क त्यात नाही, आणि एकाच देशातील दोन राज्यांमधल्या वाहतुकीशी तर त्या कराराचा काही संबंधच नाही. मी हे ऐकवले तेव्हा तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “मग रोगाच्या तपासणीचे शुल्क समजा.”

येथे त्याची हुशारी दिसते, कारण रोग खरा आहे आणि नियमही खरे आहेत. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरीणवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्स येथील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला. तो पसरू नये म्हणून अनेक राज्ये बाहेरून येणाऱ्या प्राण्याचा मेंदू आणि पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. हाडे काढलेले मांस आणि मेंदूचा अंशही न ठेवता साफ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगे चालतात. परंतु या स्वच्छतेसाठी दुकानदाराला शुल्क घेऊन देता येईल असा कोणताही दाखला नाही, आणि रोगाच्या चाचणीसाठी डोक्यातील लसीकाग्रंथींचा नमुना मी स्वतःच राज्याच्या वन्यजीव कार्यालयात देऊन आलो होतो. तो निर्दोष निघाला.

अखेर खोकी आली. एकूण वजन शंभर पौंडांहूनही कमी होते. कापताना वाया जाणारा भाग असतोच, गोळी लागलेल्या जागेचे रक्ताळलेले मांस टाकावे लागते, वाळलेला थर खरवडावा लागतो. पण तळावरच्या वजनातून हाडे आणि हे सगळे सढळ हाताने वजा केले तरी हिशोब जुळत नव्हता. त्यातही निम्म्याहून अधिक खिमा होता आणि त्यात मी सांगितले नसतानाही दुकानदाराने गाईची चरबी मिसळली होती, म्हणजे आलेल्या वजनातही एल्क किती हा प्रश्नच.

मग एका खोक्याच्या तळाशी हाडासकट चॉप्स निघाले. प्रत्येक चॉपला मणक्याचा तुकडा होता. माझ्या एल्कचा कणा डोंगरावरच राहिला होता, तेव्हा हे मांस दुसऱ्या कोणाच्या जनावराचे होते यात शंका नाही. शिवाय जो भाग राज्यात आणण्यास मनाई आहे तोच त्याने माझ्या नावावर पाठवला होता. माझ्या जनावराच्या चाचणीचा निकाल या मांसाला अर्थातच लागू नव्हता. हा रोग माणसाला झाल्याची नोंद आजवर नाही, तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. आम्ही त्यातला एक घासही खाल्ला नाही, आणि नव्वद किलो अन्नाचे असे व्हावे याचा संताप पैशांच्या नुकसानीहून मोठा होता.

शिंगे आली ती कवटी मधोमध करवतून. विमानात मावावीत म्हणून, असे कारण दिले होते. वास्तविक अनेक विमान कंपन्या कवटी कोरडी व स्वच्छ असेल आणि टोकांना आवरण असेल तर अखंड शिंगे चेक-इन सामानात घेतात. कवटी दुभंगली की दोन शिंगांमधले मूळ अंतर कायमचे हरवते, मोठ्या शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबलाही अशी शिंगे चालत नाहीत, आणि अदलाबदल ओळखणे अवघड होते. माझ्या एल्कच्या डाव्या शिंगाची तळाकडून दुसरी फांदी टोकाशी मोडलेली होती, हे फोटोंत स्पष्ट दिसते. आलेल्या शिंगाची तीच फांदी धड होती.

परकी शिंगे घरात ठेवणे धोक्याचे होते. बेकायदा मारलेल्या प्राण्याचा कोणताही भाग एका राज्यातून दुसऱ्यात नेणे १९०० च्या लेसी कायद्यानुसार संघराज्यीय गुन्हा ठरू शकतो, आणि ही शिंगे कोणाच्या परवान्यावरची होती हे सांगणे मला शक्य नव्हते. म्हणून मी फोटो, पावती आणि वजनांची नोंद जोडून दोन्ही राज्यांच्या वन्यजीव अधिकाऱ्यांना लिहिले. शिंगे व चॉप्स त्यांनी ताब्यात घेतले. कार्डाने दिलेली रक्कम बँकेकडे हरकत नोंदवल्यावर परत मिळाली. फोनवरून दिलेली मिळाली नाही, कारण ती मी स्वतःच पाठवली होती. त्या रकमेसाठी कोलोरॅडोतील लघुवाद न्यायालयात साडेसात हजार डॉलरांपर्यंतचा दावा करता येतो आणि तो मी दाखल केला आहे.

पुढच्या हंगामासाठी मी मांस तळावरच हाडांपासून सोडवून, गावातील शीतगृहात गोठवून, चार कूलरांत भरून स्वतःबरोबर आणण्याचे ठरवले आहे. पूर्ण गोठलेले मांस चांगल्या कूलरमध्ये ड्राय आइसशिवायही दिवसभराचा प्रवास सहज काढते, आणि जादा नगांचे भाडे त्या दुकानाच्या बिलापेक्षा कमीच भरते.